भेगा बुजवणारा बाबा

गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. खडे घासणारे कारागीर, त्यांच्या बायका, दोन दलाल, कोपऱ्यावरचा न्हावी, सगळे टाचा उंचावून बघत होते. पाणीबाबाने तांब्याच्या भांड्यातून चिमट्याने एक हिरवा खडा काढला, पुसला आणि भिंगासकट एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाती दिला.

"सकाळी आत किती भेगा होत्या?"

"जाळंच होतं, बाबा."

"आणि आता?"

म्हाताऱ्याने खडा उजेडात फिरवून पाहिला. "एकही नाही!"

"चीर दगडाला नसते, बाळांनो, मनाला असते! मन सांधा, दगड सांधेल!"

मग आपण दगड कशाला घासतो, मनच घासत बसू की, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात बाबाने माझ्या धाकट्या जावेकडे बोट दाखवलं. "या पोरीच्या हातात पाणी आहे. हिने घासलेला खडा माझं लगेच ऐकतो."

माझं बोलणं तसंच राहिलं.

आमची गल्ली मूळची लाल खड्यांची. आजेसासऱ्यांच्या काळी मागच्या डोंगरातून लाल दगड निघायचा आणि इथे सत्तर चाकं फिरायची. खाण संपली, चाकं अकरावर आली. मग व्यापारी बाहेरून हिरवा दगड पाठवू लागला. दिसायला देखणा, आतून भेगाळलेला. लाल दगडावर हात बसलेल्या आम्हाला त्याची नाडीच सापडेना. निम्मा माल नापास व्हायचा. बुडत्याला काडीचा आधार लागतो, आम्हाला बाबा मिळाला.

त्या दिवशी सासूबाईंनी सासऱ्यांची खिडकीजवळची जागा धाकटीला दिली. घरातला सगळ्यात चांगला उजेड तिथे पडतो. मी अठरा वर्षं चाकावर बसत होते, ती तीन.

"तिच्या हाताला गुण आहे गं," सासूबाई म्हणाल्या. "तू मनाला लावून घेऊ नकोस."

लावून घेऊ नकोस म्हणे! ती गुणगुणत घासायची आणि मी तिच्या पाठीकडे बघत दात खायची.

माझे खडे मात्र बाबाकडून जसेच्या तसे परत येत. "तुझ्या मनात किंतू आहे," तो म्हणायचा. पहिल्याच दिवशी मी त्याला भांड्यात काय आहे ते विचारलं होतं ना!

शेवटी मी माझा एक खडा गुपचूप जावेच्या पुडीत सरकवला. दुपारी तो बाबाच्या भांड्यातून बाहेर आला, अगदी स्वच्छ. तेव्हा मला शंका आली नाही, आनंदच झाला. माझ्याही हातात पाणी होतं तर! मग हाव सुटली. एक पैलू जरा मंद वाटत होता. तो पुन्हा घासला की माझा खडा तिच्यापेक्षा सरस ठरणार होता. घासण्यासाठी खडा लाखेने काडीवर चिकटवावा लागतो. मी दिव्यावर लाख मऊ केली, खडाही शेकला.

खड्याच्या पाठीवर बारीक थेंब आले. पुसले, तर पुन्हा आले. बोट नाकाशी नेलं. तेल! भिंग लावलं, तर आतलं जाळं परत हजर.

मग सगळा उलगडा झाला. भेग दिसते ती तिच्यात हवा असते म्हणून. कोमट पातळ तेल आत झिरपलं, की उजेड जवळजवळ सरळ आरपार जातो आणि डोळा फसतो. बाबाच्या भांड्यात तेच तेल होतं. शंका घेणाऱ्यांचे खडे तो साध्या पाण्यात बुडवून परत देत असणार.

दुसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीचा माल एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे जायचा होता, 'निर्दोष' असं लिहून. तिथे फसवणूक उघडी पडली असती, तर उरलेली अकरा चाकंही थांबली असती. मी दिवा घेऊन बाबाभोवतीच्या गर्दीत शिरले.

"आली किंतूवाली!" बाबा म्हणाला. लोक हसले.

"धाकटे, तुझा सगळ्यात चांगला खडा दे."

"घ्या ना ताई, बघाच," तिने विश्वासाने खडा पुढे केला. मला तेवढंच टोचलं.

मी खडा हळूहळू शेकला. थेंब आले.

"दगडाला पाझर फुटला! चमत्कार!" बाबा ओरडला.

"दगडाला तेलाचा पाझर?" न्हाव्याने विचारलं. म्हाताऱ्या कारागिराने सरळ भांड्यात हात घातला, बोटं चोळली आणि सगळ्यांना दाखवली. तुपासारखी चकाकत होती. बाबा 'साधनेची वेळ झाली' म्हणत मागच्या बोळाने जो गेला तो गेलाच.

जाऊ माझ्यासमोर उभी राहिली. "ताई, तुम्हाला माझं बघवत नव्हतं, म्हणून केलंत ना?"



"हो," मी म्हणाले. "जळत होते मी. पण तेल मी घातलं नव्हतं."

 मग तिने माझ्या हातातून दिवा घेतला आणि स्वतः दुसरा खडा शेकला, मग तिसरा. तिसऱ्यानंतर ती रडली आणि बांधलेला माल सोडायला बसली.

खिडकीची जागा तिच्याकडेच राहिली. तिचे पैलू मी मोजून पाहिले, माझ्यापेक्षा नेमके होते. आता आम्ही भेग चुकवून हिरवा दगड कापायला शिकलोय आणि तेल लावलेला खडा तसं सांगूनच विकतो. तिच्याकडे बघून अजून कधी कधी जळजळ होते, नाही असं नाही.

लोक म्हणतात, तुझा हेतू शुद्ध नव्हता. नव्हताच. पण माझं मन काळं म्हणून तेलाचं पाणी होत नाही. सांगणारा साधू आहे की मत्सरी, हे बघत बसू नका. तो सांगतो ते स्वतः करून पाहता येतं का, एवढं बघा. येत असेल, तर करून पाहा. आणि कुणी करूच देत नसेल, तर त्याच्यापुढे हात जोडू नका.