भिंतबाबांची न तुटणारी काच

जुन्या नाट्यगृहासमोर सकाळी सातपासून रांग लागायची, आणि ती नाटकासाठी नव्हे. तिथे तीस वर्षांत पडदा वर गेला नव्हता. लोक यायचे ते भिंतीची भेग आणि ती बरी करणारे भिंतबाबा बघायला. कुणी आपल्या घरातल्या भिंतीचा फोटो आणी, कुणी तडा गेलेली बशी. एक गृहस्थ तर टाचांच्या भेगा घेऊन आले. त्यांना मलम मी दिलं, गुण मात्र बाबांचा आला. माझं औषधाचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच, त्यामुळे हा सगळा खेळ मला बसल्या जागी दिसे.

भानगड अशी होती. नाट्यगृहाची पश्चिमेची बाजू गल्लीवर झुकली होती. नगरपालिकेच्या इंजिनिअर बाई म्हणत, तेवढी बाजू उतरवली तर मधलं जुनं सभागृह वाचेल, नाहीतर एक दिवस दोन्ही जातील. पण 'पाडा' म्हणणाऱ्यांना सगळंच पाडायचं होतं आणि 'राखा' म्हणणाऱ्यांना वीटही हलवायची नव्हती. या तूतू-मैंमैंत, त्याच झुकलेल्या भिंतीला पाठ लावून माझ्या ताईचा शिवणवर्ग चालू होता. बारा बायका, बारा मशिनं. माझ्या जिवाला घोर होता तो त्याचा.

बाईंनी भेगेवर काचेच्या पट्ट्या आडव्या बसवल्या होत्या. एक टोक भेगेच्या अलीकडे, दुसरं पलीकडे, दोन्ही सिमेंटने पक्की. भेग रुंदावली की काच तडकते. तीन आठवड्यांत चार तडकल्या.

तेवढ्यात भिंतबाबा अवतरले. त्यांनी पश्चिमेच्याच बाजूला, बंद पडलेल्या तिकीटघरात बस्तान बसवलं, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हिला पाडू नका, हिचं मन दुखलंय." मग त्यांनी स्वतः मंतरलेली काच, स्वतःच्या हाताने, स्वतः कालवलेल्या लेपाने भेगेवर बसवली. महिना झाला तरी काच शाबूत. बाईंच्याच परीक्षेत बाबा पहिल्या नंबराने पास. बाईंना शेजारी आपली एक काच लावायची होती, पण आजारी भिंतीला त्रास नको म्हणून भक्त आडवे आले.

त्या भक्तांत आमची ताई आघाडीवर. वर्ग हलव म्हटलं की म्हणे, "भिंत बरी होतेय. अशा वेळी आजाऱ्याला सोडून जातात का?" औषधवाल्या भावाने यावर काय बोलावं?

काचेवर धूळ बसू नये म्हणून ताईने मखमलीचं आच्छादन शिवायचं ठरवलं. ते अडकवायला भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकून घेतला आणि टेपने अंतर मोजलं. आठवड्याने, ज्या दिवशी नगरपालिका निर्णय घेणार होती त्या सकाळी, ती वाजतगाजत ते चढवायला आली. मीही मजा बघायला गेलो. आच्छादनाच्या डाव्या टोकाची कडी खिळ्यात बसली. उजवी बसेना. कापड दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी पडत होतं.

"कापड आटलं असेल," बाबा म्हणाले.

इथे बाबा फसले. ताईला त्यांनी पापी म्हटलं असतं तरी तिने ऐकून घेतलं असतं.

"मखमल धुतलीच नाही, आटेल कशी?" ताई म्हणाली. "आणि माझं माप चुकत नाही." तिने टेप काढून खिळ्यांमधलं अंतर पुन्हा मोजलं. "खिळे लांब गेलेत, बाबा."

"भक्तीत मोजमाप नसतं, माई."

"शिवणात असतं." ती काचेकडे बघत राहिली. "खिळे लांब गेले म्हणजे भेग वाढली. मग काच कशी तुटली नाही? दोन्हीकडून शिवलेलं ताणलं की फाटतं. एकीकडूनच शिवलेलं असेल, तर फाटत नाही."

तिने सुई काढली आणि डाव्या टोकाच्या लेपात टोचली. सुई वाकली. दुसरी घेऊन उजव्या लेपात टोचली, ती निम्मी आत गेली. ते सिमेंटची भुकटी कालवलेलं मेण होतं. भिंत सरकत होती, तसं काचेचं ते टोक मेणातून गुपचूप सरकत होतं. त्या बाजूने काचेला कुणी धरलंच नव्हतं, मग ती तुटणार कशाला? आणि ही बाजू पाडली असती तर बाबांचं तिकीटघरही गेलं असतं, हेही तेव्हाच सगळ्यांच्या ध्यानात आलं. बाबा ध्यानाला म्हणून आत गेले ते मागच्या दाराने पसार झाले.

दुपारच्या आत बाराही मशिनं माझ्या गोदामात आली. नगरपालिकेने बाईंची योजना मंजूर केली. पुढे ती बाजू उतरवताना विटांमधला चुना हाताने चोळला तरी त्याचं पीठ व्हायचं. सभागृह आज ठणठणीत उभं आहे.

त्या दुपारी ताई खोक्यावर बसली होती.

"बाराजणींना मी तिथे बसवलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुला ठाऊक होतं ना, हे खोटं आहे ते?"

"पहिल्या दिवसापासून," मी ऐटीत म्हणालो.

"मग एकदा त्या लेपाला बोट लावून का नाही पाहिलंस?"

मला लाज वाटली. महिनाभर मी काउंटरमागे बसून हसलो होतो आणि त्यालाच विवेक समजत होतो.

म्हणून सांगतो, चमत्कार दिसला तर भुलू नका, पण नुसते हसूही नका. ज्याची परीक्षा घ्यायची, त्यालाच परीक्षेचं सामान आणायला सांगू नका. जवळ जा, बोट लावा, मोजा, विचारा. भिंतीखाली कुणाची तरी ताई बसलेली असते.