चौकातलं बटण

ताईला माझ्या घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं, की आता दुखणं कमी ठेवायचं आणि झोप मिळू द्यायची. दुखण्यावर औषध होतं. झोपेच्या आड खिडकीखालचा सिग्नल येत होता.

पायी चालणाऱ्यांसाठी हिरवा दिवा लागला की तो टकटक वाजायचा. दिवसरात्र, रस्त्यात कुणी असो वा नसो. इतकी वर्षं त्याच्या डोक्यावर राहून मला तो ऐकू येईनासा झाला होता. ताईचा मात्र जरा डोळा लागला की तो सुरू व्हायचा. "आला बघ तुझा सुतारपक्षी," ती म्हणायची.

माझी नोकरी आवाज मोजण्याची. मीटर घरी आणून ताईच्या उशाशी ठेवला, खिडकी उघडी ठेवून आणि बंद करून नोंदी घेतल्या. निवासी भागाच्या मर्यादेपेक्षा आकडा जास्त येत होता. यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मी तक्रार केली.

वाद झालाच. महापालिकेच्या विभाग कार्यालयात सुनावणीला रस्त्यांचे इंजिनीअर होते, माझ्या इमारतीतले औषधवाले काका होते आणि पांढरी काठी घेऊन आलेला एक तिशीतला माणूस होता. आमच्या इमारतीशेजारच्या बँकेत तो टेलिफोन ऑपरेटर होता.

"आवाज बंद करा, असं म्हणणं आहे ना तुमचं?" त्याने विचारलं.

"बंद नाही, मर्यादेत आणा. घरी आजारी माणूस आहे. रहिवाशांचा तो हक्क आहे."

"आणि पलीकडे धड पोचणं कुणाचा हक्क?"

औषधवाले काका मध्ये पडले. "अहो, झोप मलाही येत नाही. पण त्यात सिग्नलचा दोष नाही, आमच्या हिच्या घोरण्याचा आहे. त्याची तक्रार कुठे करायची तेवढं सांगा, साहेब."

इंजिनीअर हसले. ऑपरेटरही हसला आणि मग माझ्या दिशेला वळला. "मॅडम, मीटर आहे ना तुमच्याकडे? मग मी उभा राहतो तिथेही लावा की. नुसता वर लावून कसं चालेल?"

दुसऱ्या दिवशी लावला. खाली, बसच्या आणि ट्रकच्या गोंगाटात, ती टकटक जेमतेम वेगळी काढता येत होती. आणखी थोडी कमी केली असती तर हरवलीच असती. माझा वरचा आकडा बरोबर होता आणि हाही बरोबर होता. मोजमाप चोख असलं की उत्तर निघतं, असं मी आयुष्यभर धरून चालले होते.

शेवटी इंजिनीअरांनी तोडगा काढला. खांबाला बटण बसवायचं. ज्याला गरज असेल त्याने दाबायचं, तेवढ्यापुरतं वाजेल. सगळ्यांनी मान डोलावली. निघताना ऑपरेटरने विचारलं, "घरी कोण आजारी आहे?"

"मोठी बहीण."

"बऱ्या होतील?"

"नाही."

त्याने काठी उगाचच या हातातून त्या हातात घेतली.

बटण बसल्यावर ताई झोपू लागली. आता टकटक व्हायची ती बहुतेक संध्याकाळी, ऑपरेटर घरी निघाला की. ताई तेव्हा जागी असायची. "बँक सुटली," ती म्हणायची. मग कान देऊन थांबायची. "गेला पलीकडे."

एकदा तिने विचारलं, "भांडलीस ना गं त्याच्याशी?"

"भांडले नाही. चर्चा झाली."

"तुझी चर्चा मला माहीत आहे. आई कानावर हात ठेवून स्वयंपाकघरात जायची."

ती हसली. हसताना दुखायचं, म्हणून लगेच थांबली.

पुढे दुखणं वाढलं, औषधाची मात्रा वाढली. आणि एका संध्याकाळी टकटक झाली नाही.

"आज तो गेला नाही?"

"सुट्टी असेल."

दुसऱ्या संध्याकाळीही झाली नाही. ताईने पाण्याचा चमचासुद्धा बाजूला सारला. "बघून ये ना खाली. कुठे धडकला-बिडकला नसेल ना?"

खाली गेले तर तो खांबाशेजारीच उभा होता. हात खाली. हिरवा दिवा लागला, गेला, तो तसाच.

"बटण बिघडलंय का?" मी विचारलं.

"मॅडम का? नाही, बरं आहे. काका म्हणाले, वर तुमच्या बहिणीचं दुखणं फार वाढलंय. म्हटलं, राहू दे. कुणी ना कुणी येतंच सोबतीला." त्याने खांबावर हलकेच काठी वाजवली. "हक्क काय, इथेच टांगलेला आहे. पळून जात नाही."

"तिला ते ऐकायचं असतं," मी म्हटलं. "तुम्ही पलीकडे गेलात हे कळल्याशिवाय ती पाणी घेत नाही."

त्याने बटण दाबलं. त्यानंतर रोज दाबायचा आणि रस्त्यात उतरण्याआधी क्षणभर वर तोंड करायचा. एक मजला चुकायचा त्याचा, पण ते मी कधी सांगितलं नाही.

ताई गेली ती सकाळी. संध्याकाळी उरलेली औषधं काकांकडे द्यायला मी खाली उतरले, तर तो नुकताच खांबापाशी येऊन उभा राहिला होता. माझ्या चपलांचा आवाज आता त्याच्या ओळखीचा झाला होता.

"मॅडम, जाग्या आहेत ना त्या? दाबू?"

"दाबा," मी म्हटलं. "आता केव्हाही दाबत जा."

त्याचा अंगठा बटणावर होता. तो तसाच राहिला. मग त्याने हात मागे घेतला.

"आज नको," तो म्हणाला.

मी कोपर पुढे केलं. त्याने धरलं. दिवा हिरवा झाल्यावर आम्ही रस्ता ओलांडला. पलीकडे त्याने माझ्या हातावर एकदा थोपटलं आणि तिथल्या भिंतीच्या कडेकडेने तो गेला.

परत यायला मी त्या बाजूच्या खांबावरचं बटण दाबलं. मला त्याची गरज नव्हती. टकटक सुरू झाली. समोर वर, ताईच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. आवाज थांबेपर्यंत मी उभी राहिले आणि रस्ता ओलांडायचा राहून गेला.