सरोजाने परत केलेला टोप

मित्रांनो, नवघरच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, एक काळवंडलेला जुना टोप उपडा पडलाय. तो मी. उपडा आहे तेच बरं आहे. तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही.

जातीने मी जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा. जर्मनीशी माझा काहीएक संबंध नाही. सत्यनारायणाचा शिरा माझ्यात व्हायचा. लोक शिऱ्याची तारीफ करायचे आणि मी ती स्वतःची समजायचो.

मग करोना आला. शेजारच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीचं काम थांबलं, ठेकेदाराने फोन बंद केला. पत्र्याच्या खोल्यांत परभणीकडची सरोजा, तिचा नवरा वाल्मिक आणि बाकीचे मजूर अडकले. आमचे सेक्रेटरी काशीनाथराव यांना दया आली. त्यांनी माझ्यात खिचडी करवली. नियम एकच: आधी ताट मोबाइलसमोर धरायचं, हसायचं, मग डावभर खिचडी.

सरोजाने ताट पुढे केलंच नाही. "भाऊ, डाळ-तांदूळ द्या अन् हे बगुनं द्या. आमचं आम्ही रांधून खाऊ." बगुनं म्हणजे मी, टोप.

"मग फोटो कुणाचा काढू?"

"बगुन्याचा काढा की. तेबी हसतंय."

रांग हसली. काशीनाथराव हसले नाहीत. पण त्यांच्या पत्नी उर्मिलाताईंनी डाळ-तांदूळ बांधून दिले आणि मी विटांच्या चुलीवर गेलो. सरोजा शेजारच्या बिहारी मजुरांनाही "खाओ रे भैया" म्हणत वाढायची. तिथे जेवायला कुणाला हसावं लागत नव्हतं. खरं सांगतो, शिऱ्यापेक्षा ती पातळ खिचडी माझ्या अंगी लागली.

गावी जायची गाडी ठरली. सरोजाने मला राखेने लख्ख घासलं आणि गावाहून आणलेला उरलासुरला गूळ अन् मूठभर शेंगदाणे माझ्यात ठेवले.

"अगं, वाटंला काय खायचं मग?" वाल्मिक म्हणाला.

"बघू. लोकाचं भांडं रिकामं कसं द्यावं?"

उर्मिलाताईंचीही हीच रीत. शेजारणीची वाटी त्या कधी रिकामी पाठवत नाहीत.

गेटवर काशीनाथराव फवारणीचा पंप घेऊन उभे होते. "तिथंच ठेव. लांब हो."

"घासलंय, भाऊ. आत बघा तेवढं."

त्यांनी आत बघितलं नाही. जंतुनाशक मारलं, आतून, बाहेरून, अगदी मनापासून. गूळ विरघळला, शेंगदाणे तरंगले. उर्मिलाताईंनी गॅलरीतून सगळं पाहिलं आणि दार लोटून घेतलं. सरोजा वाल्मिकला म्हणाली, "चला, गाडी जाईल." दोघं उपाशीच निघाली.

त्या औषधाने मी काळा पडलो. सोसायटीने स्टीलचा टोप आणला. ऑफिसच्या भिंतीवर मात्र अजून माझाच फोटो आहे. त्यात मी भरलेला आहे आणि काशीनाथराव हसतायत.

मित्रांनो, मला घासत बसू नका, हे काळं जायचं नाही. एवढंच करा. कुणी तुमचं भांडं परत आणलं, तर धुवायच्या आधी आत बघा. कुणाची तरी वाटेची शिदोरी असते त्यात.