घोटून घेतलेलं हसू

आवाज आला की तिकडे तोंड वळवायचं आणि गाल थोडे वर उचलायचे, एवढं अंधशाळेतल्या बाईंनी त्याच्याकडून घोटून घेतलं होतं. म्हणाल्या होत्या, लोकांना आवडशील. आवडलाही. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी त्या हसण्यावरच तर मिळाली.

आज सकाळी वडील गेले. माणसं भेटायला येत होती आणि त्याचं तोंड प्रत्येक आवाजाकडे वळत होतं.

"दादा, हसतोस काय? मामा टकामका बघतायत!" धाकटा दातओठ खात कुजबुजला.

"मी कुठे हसतोय?"

"मग दात कसले काढलेयस?"

त्याने गाल चाचपले. वर होते. बोटांनी खाली ओढले. तेवढ्यात दारातून कुणीतरी म्हणालं, "फार वाईट झालं रे," आणि गाल पुन्हा वर.

"ताई, रडवेलं तोंड कसं करतात गं? तुझ्या तोंडाला हात लावून बघू दे."

ताईने हात धरला, पण तोंडाकडे नेला नाही. "तू आतच बस बाबा. चारचौघांत शोभा नको."

आतल्या खोलीत त्याच्याशी बोलायला कुणीच नव्हतं. तिथे गाल आपसूक खाली आले, हनुवटी थरथरायला लागली.

बाहेर मामा म्हणत होते, "थोरल्याला काही वाटलेलं दिसत नाही."