जोर लावा, वहिनी

नियम पहिला. लोखंडी तारेची घासणी घ्या, जोर लावा.

हा नियम भावोजींचा, म्हणजे माझ्या धाकट्या दिराचा. घासण्यांचा पुडाही त्यांनीच आणून दिला.

परसातलं स्टीलचं ग्रिल ह्यांनी घेतलेलं. हे गेल्यापासून मी दर शनिवारी त्यावर मासे भाजून विकते. माझं नि लेकीचं त्यावरच भागतं. भावोजींना ती जागा गाडीसाठी हवी आहे.

सासूबाईंनी निवाडा दिला. "एक तारखेला बघेन. गंज दिसला तर भंगारात. नाही दिसला तर पुन्हा कोणी तोंड उघडायचं नाही."

मी घासलं. दुसऱ्या दिवशी तांबूस ठिपके. आणखी घासलं.

आणखी ठिपके.

"मालच हलका असेल," भावोजी दारातून म्हणाले. "दादाला कोणीही गंडवायचं. जोर लावा, वहिनी. जेवत नाही का?"

नियम पहिला खोडा.

भांड्यांच्या दुकानात गंज काढायचं औषध मागितलं. दुकानदाराने माझी बोटं पाहिली. "तारेने घासता ना? बाई, तारेचा चुरा स्टीलवर बसतो. गंजतो तो. कुठल्याही रेलिंगवाल्याला विचारा."

विचारायला लांब जायला नको. भावोजी वीस वर्षं स्टीलची गेटं नि रेलिंगं बनवतात.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.

नियम दुसरा, माझा. बोलू नका.

कोमट पाणी, साबण. मग खाण्याचा सोडा कालवून मऊ फडक्याने पुसा, स्टीलवरच्या बारीक रेघा जातात त्याच दिशेने. आडवं नाही. धुवा. सांध्यांतलंही पाणी टिपा. तेलाचा पुसट हात फिरवा. मासे भाजून झाल्यावर ग्रिल पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकू नका, नाहीतर आत पाणी सुटतं.

आणि समोरून कोणी "जोर लावा" म्हणालं, तर हो म्हणा.

एक तारीख.

सासूबाईंनी चष्मा लावला. पदराचं टोक ग्रिलवरून फिरवलं, सांध्यात बोट घातलं, खाली वाकून पाय पाहिले.

"डाग नाही."

"काय लावलंत?" भावोजींनी विचारलं.

"तुम्ही दिलेली घासणी."

"शक्यच नाही. त्या घासणीने तर उलट..."

ते थांबले. सासूबाईंनी चष्मा काढला नाही. फक्त ग्रिलवरून लेकावर वळवला.

"उलट काय रे?"

भावोजी ग्रिलचे पाय न्याहाळू लागले.

"बोल ना. वीस वर्षं मुरलेला कारागीर तू."

"काही नाही, आई."

"ग्रिल इथेच राहील," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

भावोजी माझ्याजवळ आले. आवाज खाली. "पुडा परत द्या माझा."

"संपला."

"एवढा? कुठे?"

"तुम्ही पुढच्या दाराला स्टीलचं नवं गेट बसवलंत ना, गिऱ्हाइकांना दाखवायचं. धूळ फार होती," मी म्हणाले. "सगळं घासलं. आडवं. तुम्ही सांगितलंत तसा जोर लावून."