पचवलेला भूकंप

भूकंपाला पंधरवडा व्हायच्या आत आमच्या इमारतीच्या दाराशी फलक लागला: '६.१ रिश्टरचा भूकंप पचवलेली भक्कम इमारत. तळमजला भाड्याने देणे आहे.' तो माझ्या मेहुण्यांनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांनी लावला. ते इमारतीच्या समितीचे चेअरमन आहेत. ढेकर देण्याआधी माणूस निदान जेवलेला असावा, अशी माझी समजूत होती.

भूकंप झाला तो इथून दोनशे किलोमीटरवर. ६.१ हा आकडा तिथला. जमिनीच्या पोटात खडक जिथे सरकला तिथे किती जोर सुटला, एवढंच तो सांगतो. तो जोर आमच्या उंबऱ्याशी येईपर्यंत किती उरला, याचं माप वेगळं असतं, आणि त्या मापाने आमच्या वाट्याला आलं ते असं: भांडी वाजली, दिवे हलले, झोपलेले जागे झाले, एका घरात फुलदाणी पडली. दोन गल्ल्या सोडून दंगल व्हावी, आपल्या दारावर एक खडा येऊन पडावा, आणि आपण छाती काढून सांगावं की आम्ही दंगल परतवली, त्यातलाच हा प्रकार. भूगर्भशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. या दोन मापांतला फरक सगळ्या वर्गाला कळला, असं एकदाही झालं नाही. तेव्हा तो मेहुण्यांना कळला नाही याचा राग धरणं काही बरोबर नव्हतं. मी धरला.

भूकंप आला तो दुपारी. मी चौथ्या मजल्यावर माझ्या खोलीत वाचत बसलो होतो. खुर्चीला खालून कुणी लाथ मारावी तसा एक धक्का बसला, छोटासा, कोरडा. वरच्यांनी कपाट सरकवलं असेल असं वाटलं. मग शांतता. त्या शांततेत मला कळलं. पहिली लाट वेगाने धावते पण दुबळी असते, ती नुसती वर्दी देऊन जाते. तिच्यामागून सावकाश येते ती खरी, आडवी हलवणारी. हे मी फळ्यावर असंख्य वेळा काढलं होतं. टेबलाखाली शिरायला भरपूर अवधी होता. मी उठलो आणि पुस्तकांच्या कपाटाला धरून उभा राहिलो. म्हणजे वर्गात ज्याच्यापासून लांब राहा म्हणून सांगत आलो, नेमकं त्यालाच. ज्ञानाचा उपयोग इतकाच झाला की इमारतीतल्या बाकीच्यांपेक्षा मी थोडा आधी घाबरलो.

मग ती आली. जमीन हलली असं लोक म्हणतात. मला तसं वाटलं नाही. जमीन जागेवरच आहे आणि आपल्यालाच घेरी आली आहे असं वाटलं. कपाटाच्या काचा बडबडू लागल्या तेव्हा लक्षात आलं की मी ठीक आहे, बिघडलंय ते दुसरंच काही. ग्लासातलं पाणी एका कडेने वर चढलं, थांबलं, मग दुसऱ्या कडेने चढलं, कुणी चव घेऊन बघावी तसं. भिंतींच्या आतून जातं फिरल्यासारखी घरघर येत होती.  हलणं थांबल्यावरही ते थांबलंय यावर विश्वास बसेना. पायाखालच्या जमिनीवर आपला विश्वास आहे हे एरवी आपल्या ध्यानीमनीही नसतं. तो एकदा डळमळला की खुर्ची, जिना, छत, सगळ्यांकडेच संशयाने पाहायची सवय लागते.

खाली अंगणात सगळी इमारत गोळा झाली. मेहुणे सर्वांच्या आधी पोचले होते, अनवाणी, हातात टीव्हीचा रिमोट घट्ट धरून. ताई सर्वांत शेवटी उतरली. तिने गॅस बंद केला होता, दाराला कुलूप घातलं होतं आणि मेहुण्यांच्या चपला आणल्या होत्या. त्या तिने त्यांच्या पुढ्यात टाकल्या.

"घाला. चेअरमन अनवाणी बरे दिसत नाहीत."

आठवडाभरात मेहुण्यांच्या तोंडून हीच हकिकत अशी होऊ लागली की ते जिन्याच्या तोंडाशी उभे राहून एकेकाला शिस्तीत खाली उतरवत होते. रिमोट त्यात कुठेच नसे. बाकीच्यांचंही तेच. ज्याची फुलदाणी पडली त्याचं हळूहळू कपाट पडलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तर म्हणाल्या की त्यांना आदल्या दिवसापासूनच चैन पडत नव्हतं. त्यांना चैन पडलेला दिवस माझ्या पाहण्यात नाही.

हे सगळं हसून सोडून दिलं असतं. पण फलकाच्या मागे बेत होता. तळमजल्यावर पूर्वी शिंप्याचं दुकान, एक दवाखाना आणि एक गोदाम होतं. मध्ये जाड विटांच्या भिंती. भूकंपाच्या सुमारास तिन्ही गाळे रिकामे पडले होते आणि एका फर्निचरवाल्याला ती सगळी जागा हवी होती. अट एकच: मधल्या भिंती पाडून सलग दालन करून द्यायचं, दर्शनी बाजूला नुसती काच. त्या भाड्यातून नवी लिफ्ट येणार. लिफ्ट म्हटल्यावर इमारतीतल्या एकूण एक गुडघ्याने मनातल्या मनात होकार दिला होता. माझ्या गुडघ्यानेही दिला होता, ते लपवण्यात अर्थ नाही.

मेहुण्यांनी इंजिनिअरही आणून दाखवला. त्याला आम्ही 'चालेलसाहेब' म्हणतो, कारण त्याचं बोलणं दुसऱ्या शब्दावर संपलेलं आजवर कुणी ऐकलेलं नाही. कलिंगड घेताना वाजवून बघतात तशी त्याने बोटाच्या पेराने भिंत वाजवली.

"या भिंती वजन घेत नाहीत. वजन खांबांवर आहे. काढल्या तरी चालेल."

यातलं पहिलं वाक्य जवळजवळ खरं आहे, म्हणून तर त्याचा इतका संताप येतो. वजन खाली ओढतं आणि खांब ते पेलतात. पण भूकंप खाली ओढत नाही, आडवा ढकलतो. तेव्हा याच बिनकामाच्या भिंती खांबांना कलू देत नाहीत. वरचे मजले भिंतींनी घट्ट आवळलेले आणि खाली नुसते खांब, अशी इमारत हलली की सगळं वाकणं त्या एका मजल्यावर येतं. वरचे मजले एकजुटीने राहतात आणि एकजुटीने खाली येतात. त्यातला सर्वांत खालचा, पहिला मजला, माझ्या बहिणीचा.

सभेच्या आदल्या दिवशी ताईने मला स्वयंपाकघरात बसवलं. मेहुणे बाहेर गेले होते.

"भिंत काढली तर काय होईल ते सांग," ती म्हणाली.

"तसं बघितलं तर काहीच होणार नाही. म्हणजे कदाचित शंभर वर्षं नाही. मोठा धक्का इथे जवळपास बसेलच असं नाही, पण बसणारच नाही असंही—"

"अरे, मी तुला हवामान विचारलं का?"

"शक्यता कमी आहे, ताई. पण झालंच तर पहिला मजला…"

"म्हणजे मी."

मी मान डोलावली.

"मग काढावी की नको?"

"नको."

"हे एवढंच उद्या सभेत म्हणायचं. तुला जमेल?"

"नुसतं नको म्हटलं तर कोण ऐकेल? काहीतरी दाखवायला हवं."

मी तिचं लाकडी स्टूल मागून घेतलं. चार पाय, आणि पायांना बांधून ठेवणाऱ्या चार आडव्या पट्ट्या. वर नेऊन मी चारही पट्ट्यांचे स्क्रू काढले. पट्ट्या म्हणजे भिंती, पाय म्हणजे खांब. लहान मुलालाही कळेल असा दाखला. मला झोप चांगली लागली.

सभा तळमजल्यावर, दवाखान्याच्या रिकाम्या खोलीतच भरली, जिच्या भिंती पाडायच्या होत्या तिथेच. मेहुण्यांनी सुरुवात केली.

"मंडळी, या इमारतीने सहा पूर्णांक एक पचवलाय. निसर्गाने स्वतः येऊन तपासणी केली आणि शेरा मारून गेला. आता कुणाला निसर्गापेक्षा जास्त कळत असेल तर त्यांनी बोलावं. प्रोफेसर, तुम्हाला काहीतरी दाखवायचंय म्हणे? स्टूल आणलंय त्यांनी. आम्हाला वाटलं जादूचे प्रयोग आहेत."

लोक हसले. मी उभा राहिलो. आधी ६.१ म्हणजे काय ते सांगायला गेलो, तर मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, परीक्षेला आहे का हे?" पुन्हा हशा. मग मी थेट स्टुलावर आलो.

"या स्टुलाच्या पट्ट्या मी काढल्या आहेत. आता मी वरून आडवं ढकललं की ते डगमगेल. तळमजल्याचंही असंच होईल."

मी ढकललं. स्टूल डगमगलं नाही. जोरात ढकललं. ते चारही पायांनी तसंच्या तसं फरशीवरून सरकलं आणि थांबलं. ज्या सुताराने ते केलं होतं त्याने पायांचे सांधे इतके चोख बसवले होते की माझ्यासारख्याच्या हाताला त्यांनी दाद दिली नाही. आयुष्यात एकदा दाखला द्यायची वेळ आली आणि गाठ पडली ती प्रामाणिक सुताराशी.

"प्रोफेसर, स्टूल पास झालं," मेहुणे म्हणाले. "शिफारस करा त्याची."

"चालेल," चालेलसाहेब म्हणाला. या वेळी हशा बराच वेळ चालला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पदराने डोळे पुसत होत्या. मी बसलो. माझ्या डोक्यात सांध्यांचं, वजनाचं, उंचीचं सगळं बरोबर उत्तर तयार होतं. ते डोक्यातच राहिलं.

"मग मंडळी, हात वर करा," मेहुणे म्हणाले.

"थांबा," ताई म्हणाली. ती मागे भिंतीला टेकून बसली होती. उठून पुढे आली आणि स्टूल उचलून खोलीच्या मधोमध ठेवलं. "अहो, बसा यावर."

"मी कशाला?"

"पास झालंय ना? बसा. माझा भाऊ किडकिडीत आहे, त्याच्या ढकलण्यात काय दम. तुम्ही भरदार आहात."

मेहुणे हसले, इकडेतिकडे बघितलं आणि बसले. खरोखरच भरदार माणूस. स्टुलाने हूं की चूं केलं नाही. त्यांनी दोन्ही हात पसरले.

"बघा. वजन घेतंय की नाही?"

"घेतंय," ताई म्हणाली. "आता पाय उचला."

"म्हणजे?"

"पाय जमिनीवर रोवलेत तुम्ही. अर्धं वजन स्वतःच घेऊन बसलाय. उचला ते."

सगळ्यांनी त्यांच्या पायांकडे बघितलं. ते असे रोवलेले होते की जणू त्यांच्यावरच इमारत उभी होती. मेहुण्यांनी एक पाय उचलला. बराच वेळ विचार करून दुसराही उचलला, बोटभरच.

"आता हला. मागेपुढे नाही, बाजूला. त्या दिवशी घर हललं ना, तसं."

मेहुणे हलले नाहीत. हसू चेहऱ्यावर राहून गेलं होतं, पण आता ते कुणाचंच नव्हतं.  मला वाटतं प्रत्येकाला भिंतींतली ती घरघर आठवत असावी. निदान मला आठवत होती.

"हला ना. पचवलेला भूकंप आहे, अपचन थोडंच होणार?"

त्यांनी हळूच दोन्ही पाय खाली ठेवले.

"तुम्ही बसा," ताई चालेलसाहेबाला म्हणाली. "तुम्ही तर बारीक आहात. चालेल ना?"

चालेलसाहेबाने फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं शोधायला सुरुवात केली.

"एका माणसाच्या बुडाची एवढी काळजी," ताई म्हणाली, "आणि माझं घर ठेवायला निघालात यावर. वरती आणखी पाच बिऱ्हाडं. हलायचं नाही अशी अट घालून ठेवणार होतात का?" मग माझ्याकडे वळून तेवढ्याच तुच्छतेने म्हणाली, "आणि तू. काल सगळं माहीत होतं, आज स्टूल सरकवून खाली बसलास. तोंड काय फक्त फळ्याकडे करूनच उघडतं?"

यावर कुणी हसलं नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं.

हात वर झाले नाहीत. फर्निचरवाल्याने दुसरीकडे जागा बघितली. गाळे तीन वेगळ्या भाडेकरूंना गेले, भिंती राहिल्या. लिफ्ट मात्र आली नाही आणि जिना चढताना लोक माझ्याकडे असे बघतात की जणू मीच ती खाल्ली. भिंती ठेवायचा निर्णय आपलाच होता, असं मेहुणे हल्ली सांगतात. फलकही आहे तिथेच आहे. कुणीतरी पेपरात वेगळा आकडा वाचला म्हणून त्यांनी ६.१ चं ६.४ करून घेतलं. आमच्या इमारतीने अजून थोडा भूकंप पचवला.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी पट्ट्या पुन्हा बसवल्या आणि स्टूल घेऊन ताईकडे गेलो. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "स्क्रू सगळे लावलेस?"

"लावले."

"घट्ट?"

"बहुतेक."

तिने सुरी खाली ठेवली. "बस त्यावर."

मी बसलो.

"पाय उचल."

मी उचलले.

"हल."

मी हललो, आधी जरासा, मग चांगलाच, डावीकडून उजवीकडे, या वयात, स्वयंपाकघराच्या मधोमध. स्टूल किंचित कुरकुरलं आणि उभं राहिलं. ताई बघत होती.

"एवढंच करायचं होतं काल," ती म्हणाली आणि तिने पुन्हा सुरी हातात घेतली.