करडीच्या तेलानं पुसलेला ब्रेक

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. पण जुनी ती वयानं. चालण्याचा हिशेब मांडला तर माझ्या टायरवरचे रबरी केससुद्धा अजून झडलेले नाहीत.

उदगीरच्या संगमेश्वर अप्पांचा तेलघाणा आहे. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आणि त्याच आठवड्यात ते मला लातूरहून घेऊन आले. डोंगर चढणारी सायकल. चाकाला लोखंडी तबकडी, ब्रेक आवळतो ती तबकडीच; ब्रेकच्या नळीत तारेऐवजी तेलासारखा द्रव. गल्लीनं कौतुक केलं. अप्पा चार दिवस माझ्यावर बसले, मग त्यांच्या ध्यानात आलं की वस्तू विकत घेतली म्हणजे निम्मा आजार गेलाच. मी जिन्याखाली गेले.

उभ्या सायकलीचा ब्रेक झिजत नाही, नासतो. आतला द्रव शिळा होतो, तबकडीवर गंज चढतो. खंडेनवमीला तेवढी माझी आठवण व्हायची. अप्पांची आई गुरम्मा मला विभूती लावून झेंडूची माळ घालायची. यंदा अंगणात ढकलताना माझं चाक किंचाळलं. त्या घरात कुरकुरणाऱ्या प्रत्येकाला औषध एकच, मग ते दार असो की गुरम्माचा गुडघा. अप्पांनी करडीच्या तेलात फडकं बुडवलं आणि तबकडी दोन्ही अंगांनी आरशासारखी चमकवली. आवाज थांबला, सगळे खूश. मी सांगणार तरी कशी? ओरडायला तेवढंच तर होतं माझ्यापाशी.

अप्पांची लेक दामिनी पोलीस भरतीची तयारी करत होती. धावण्याची चाचणी महिन्यावर आलेली. पायांत ताकद यावी म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं मला बाहेर काढलं. दारातच ब्रेक दाबून पाहिला.

"अप्पा, ब्रेक लई मऊ लागायलाय."

"नवी हाय की ती. चालवलीच न्हाई तर बिघडंल कशी?"

बापाचा हिशेब पोरीनं मानला.

गावाबाहेरची टेकडी ती धापा टाकत चढली. उतारावर तिनं दोन्ही ब्रेक आवळले. तबकडी गुळगुळीत फिरतच राहिली. खाली शेळ्या आडव्या आल्या, तिनं मला वळवलं आणि आम्ही पुलाच्या कठड्यावर आदळलो. माझं नुसतं हँडल वाकलं. तिची मांडी मोडली, गुडघाही गेला. मैदानावर तिचा नंबर पुकारला गेला, त्या सकाळी ती भिंत धरून न्हाणीपर्यंत जायला शिकत होती.

परवा देवणीचे आनंदराज पुतणीसाठी मला बघायला आले. अप्पांनी मला धुऊन पुसून, हँडल सरळ करून उभी केली होती. "शोरूममधली म्हणा की," ते सांगत होते, "चालवलीच न्हाई." सौदा ठरत आला, तेवढ्यात दामिनी काठी टेकत ओसरीवर आली.

"अप्पा, त्यांच्या पोरीला बी कुठंतरी उतार लागंलच की."

अप्पांनी माझ्या तबकडीवरून बोट फिरवलं. मग पाहुण्याला म्हणाले, "हिला ब्रेक न्हाई. तेल मीच लावलं."

आनंदराज चहा न घेताच गेले. मी पुन्हा जिन्याखाली आहे.

मित्रांनो, वर्षातून एकदा माळ घालण्यापेक्षा महिन्यातून एकदा मला फिरवून आणा. आणि निघण्याआधी मी थांबते का, तेवढं बघा. ब्रेक मऊ लागला तर घरातल्या कुणाचंही ऐकू नका.